स्कॉटिश चॅम्पियनशिप २०२५-२६ : वर कोण जाणार आणि खाली कोण उतरणार?

फाइफकर | १९ जुलै २०२५

नमस्कार मंडळी. स्कॉटिश फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीचा, म्हणजे चॅम्पियनशिपचा, नवा हंगाम दोन आठवड्यांवर आला आहे. मी कर्कॉडीत राहतो आणि रेथ रोव्हर्सचे सामने नेमाने पाहतो, त्यामुळे माझ्याकडून पूर्ण तटस्थपणाची अपेक्षा कोणी ठेवू नये. पण हा धागा रेथची कैफियत मांडण्यासाठी काढलेला नाही. दहा संघांचे भवितव्य वर्तवताना नेमके काय मोजायचे, याबद्दल माझे एक मत बनले आहे आणि ते इथे तपासून घ्यायचे आहे.

नव्या वाचकांसाठी आधी रचना सांगतो. दहा संघ, प्रत्येकाची प्रत्येकाशी चार वेळा गाठ, म्हणजे ३६ सामने. पहिला संघ थेट वरच्या श्रेणीत, म्हणजे बारा संघांच्या प्रीमियरशिपमध्ये, जातो. दुसरा, तिसरा आणि चौथा प्ले-ऑफ खेळतात: तिसऱ्या-चौथ्यातला विजेता दुसऱ्याशी भिडतो आणि त्यातून जो उरेल तो प्रीमियरशिपमध्ये अकराव्या आलेल्या संघाशी. प्रत्येक फेरी दोन सामन्यांची, एक घरी आणि एक परगावी. खालच्या टोकाला दहावा संघ थेट तिसऱ्या श्रेणीत, लीग वनमध्ये, उतरतो, तर नवव्याला आपली जागा राखण्यासाठी लीग वनच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या संघांबरोबर पुन्हा प्ले-ऑफ खेळावा लागतो.

आता मुद्दा. २०१३मध्ये दोन जुन्या संघटना एकत्र येऊन एसपीएफएल (स्कॉटिश प्रोफेशनल फुटबॉल लीग) स्थापन झाली आणि २०१३-१४च्या हंगामापासून वरचा प्ले-ऑफ सुरू झाला. २०१९-२०चा हंगाम करोनामुळे मध्येच थांबला, तो वगळला तर आतापर्यंत ११ अंतिम फेऱ्या झाल्या. त्यांपैकी सात वेळा प्रीमियरशिपच्या संघाने आपली जागा राखली आणि चार वेळा चॅम्पियनशिपचा संघ वर गेला: २०१४मध्ये हॅमिल्टन, २०१८मध्ये लिव्हिंगस्टन, २०२१मध्ये डंडी आणि या वर्षी पुन्हा लिव्हिंगस्टन. हे चारही संघ आपापल्या हंगामात दुसरे आलेले होते. तिसऱ्या किंवा चौथ्या क्रमांकावरून अंतिम फेरी गाठणारेही चार झाले (२०१५चा रेंजर्स, २०१७चा डंडी युनायटेड, २०२२चा इन्व्हरनेस आणि २०२३चा पार्टिक थिसल), पण त्यांच्यापैकी एकालाही वर जाता आलेले नाही.

याचे कारण मला सामन्यांच्या संख्येत दिसते. ३६ सामन्यांचा हंगाम संपल्यावर तिसऱ्या-चौथ्याला वर जायला आणखी सहा सामने खेळावे लागतात, दुसऱ्याला चार, आणि वरच्या श्रेणीतल्या अकराव्याला फक्त दोन. २०२४च्या मे महिन्यात रेथने उपांत्य फेरीत पार्टिक थिसलला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवले, तेव्हा मी आमच्या मैदानावर, स्टार्क्स पार्कमध्ये, होतो. एका बाजूच्या रेल्वेमार्गावरून गाडी गेली की इथे हाकेच्या अंतरावरचे बोलणेही ऐकू येत नाही, पण त्या रात्री गाडी आली कधी आणि गेली कधी, कोणालाच कळले नाही. त्यानंतर काही दिवसांतच रॉस काउंटी त्याच मैदानावर आले. आमचे खेळाडू चेंडू बाहेर गेला की गुडघ्यांवर हात टेकून उभे राहत होते, आणि पाहुणे थ्रो-इन घ्यायला धावत जात होते. पहिला सामना १-२ गेला आणि त्यांच्या गावी, डिंगवॉलला, ०-४. रेथ तर दुसरे आलेले होते, म्हणजे तुलनेने कमी दमलेले.

म्हणून माझे म्हणणे असे की, ‘पहिल्या चारांत येऊ, मग प्ले-ऑफमध्ये काहीही होऊ शकते’ हे दर ऑगस्टमध्ये ऐकू येणारे वाक्य सोडून द्यावे. वर जाण्याची वाट खऱ्या अर्थाने पहिल्या दोन क्रमांकांतूनच जाते. हे मानले तर माझा अंदाज असा: पहिला सेंट जॉनस्टन, दुसरा रॉस काउंटी, तिसऱ्या-चौथ्यासाठी पार्टिक, एअर आणि रेथ यांच्यात चुरस, डनफर्मलिन, ग्रीनॉक मॉर्टन आणि क्वीन्स पार्क मध्यावर, नववा एअरड्री आणि दहावा आरब्रोथ. चुकत असेन तर सांगावे.

आकडेमोड | १९ जुलै

लेखाचा रोख पटला, पण चार अंतिम फेऱ्यांवरून नियम बांधणे मला धाडसाचे वाटते. २०१५च्या रेंजर्सचेच पाहा. मदरवेलने त्यांना त्यांच्याच इब्रॉक्सवर ३-१ आणि आपल्या फर पार्कवर ३-० असे हरवले. तो पराभव दमल्यामुळे झाला की मुळात तो रेंजर्स संघच त्या वर्षी विस्कळीत होता म्हणून झाला, हे आकड्यांतून वेगळे काढता येत नाही. तिसरा संघ तिसरा येतो कारण तो दुसऱ्यापेक्षा थोडा कमी पडलेला असतो, त्यामुळे अंतिम फेरीत तो हरला तर सगळा दोष सामन्यांच्या संख्येवर टाकता येणार नाही.

तरीही तुमच्या म्हणण्याला दुसऱ्या टोकाकडून पुष्टी मिळते, आणि ते टोक तुम्ही तपासलेले दिसत नाही. चॅम्पियनशिपमध्ये नवव्या आलेल्या संघांचा हिशेब मी मांडून पाहिला. त्याच ११ हंगामांत पाच जण टिकले: काउडनबीथ, अलोआ, क्वीन ऑफ द साउथ, मॉर्टन आणि या वर्षी एअरड्री. सहा जण खाली गेले: लिव्हिंगस्टन, रेथ, डम्बार्टन, डनफर्मलिन, हॅमिल्टन आणि इन्व्हरनेस. म्हणजे प्रीमियरशिपचा अकरावा संघ ११पैकी सात वेळा वाचतो, पण चॅम्पियनशिपचा नववा ११पैकी पाचच वेळा.

दोघेही आपापल्या श्रेणीत तळापासून दुसरे, दोघेही हंगामभर हरत आलेले, मग हा फरक कशामुळे? अकराव्याला थेट अंतिम फेरीत जागा मिळते. नवव्याला मात्र लीग वनच्या चौथ्याशी उपांत्य फेरी खेळावी लागते आणि ती जिंकली तरच अंतिम फेरी, म्हणजे एकूण चार सामने. नियम ज्यांच्या मतांनी ठरले त्यांनी स्वतःच्या जागेभोवती कुंपण जरा उंच घातले आहे, एवढेच यातून दिसते.

आणखी एक गोष्ट. दुसऱ्या क्रमांकालाही फार सुरक्षित समजू नये. ११पैकी चार वेळा दुसरा संघ उपांत्य फेरीतच बाहेर पडला आहे: २०१५मध्ये हिबर्नियन, २०१७मध्ये फॉल्कर्क, २०२२मध्ये आरब्रोथ आणि २०२३मध्ये एअर. दुसऱ्याला वर जाण्याची संधी तिघांत एकदा म्हणावी इतपत, आणि तिसऱ्या-चौथ्याला आजवर शून्य. खात्रीची जागा एकच, पहिली.

वैदेही_पर्थ | २० जुलै

मी पर्थमध्ये राहते, स्कॉटलंडमधल्या. ऑस्ट्रेलियातल्या पर्थची चौकशी करणाऱ्या नातेवाइकांना समजावून मी थकले आहे. सेंट जॉनस्टनला पहिला क्रमांक दिल्याबद्दल फाइफकर यांचे आभार, पण इथे त्यांच्या मैदानावर, मॅकडर्मिड पार्कमध्ये, कोणी इतके निश्चिंत नाही.

सोळा वर्षे हा संघ वरच्या श्रेणीत होता. २०२०-२१मध्ये कॅलम डेव्हिडसन यांच्या हाताखाली त्याने लीग कप आणि स्कॉटिश कप असे दोन्ही करंडक एकाच हंगामात जिंकले. पुढच्याच वर्षी अकरावा येऊन इन्व्हरनेसविरुद्धच्या प्ले-ऑफमध्ये तो वाचला आणि या मे महिन्यात तळाला राहून थेट उतरला. ज्यांनी करंडकांची मिरवणूक पाहिली त्यांनीच चार वर्षांनी ही घसरण पाहिली. २०२४मध्ये अमेरिकन मालक आले, फिनलंडचे सिमो वालाकारी प्रशिक्षक म्हणून आले आणि श्रेणी गेली तरी वालाकारी यांनाच पुढे ठेवले आहे. मला ते योग्य वाटते, कारण आधीच्या काही वर्षांत प्रशिक्षक बदलण्याची इथे सवयच लागली होती.

पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. वरून उतरलेला संघ लगेच परततो का, हे मी वर्षवार पाहिले. २०१८ साली उतरलेला रॉस काउंटी पुढच्याच हंगामात पहिला आला. २०१९चा डंडी परतला नाही, त्याचा हंगाम करोनात अर्धवट राहिला. मग २०२०चा हार्ट्स, २०२१चा किलमारनॉक, २०२२चा डंडी आणि २०२३चा डंडी युनायटेड, हे चौघेही पुढच्याच वर्षी पहिले येऊन परतले. २०२४चा लिव्हिंगस्टन दुसरा आला आणि प्ले-ऑफमधून परतला. म्हणजे सलग पाच वर्षे उतरलेल्यांपैकी एक संघ वर्षभरात परत गेला आहे. फाइफकर यांच्या ‘दुसरा क्रमांक’ सिद्धान्तापेक्षा मला हे सूत्र अधिक भक्कम दिसते.

आता यातली खोच अशी. या काळात दोन संघ एकाच वेळी उतरल्याचे प्रसंग याआधी तीन आहेत: २०१४मध्ये हार्ट्स आणि हिबर्नियन, २०१८मध्ये रॉस काउंटी आणि पार्टिक थिसल, २०२१मध्ये किलमारनॉक आणि हॅमिल्टन. तिन्ही वेळा दोघांतला एकच लगेच परतला आणि दुसरा मागे राहिला. हिबर्नियनला तीन हंगाम थांबावे लागले, जरी त्या थांबण्याच्या काळातच त्यांनी ११४ वर्षांनी स्कॉटिश कप जिंकला. पार्टिक अजून परतलेले नाही. हॅमिल्टन तर त्यानंतर दोनदा लीग वनमध्ये उतरले. यंदा चौथ्यांदा दोघे उतरले आहेत, आम्ही आणि रॉस काउंटी. म्हणून पहिला आणि दुसरा हे दोन्ही क्रमांक या दोघांना देऊन टाकण्याआधी थोडे थांबावे, असे सुचवते.

म्हापसेकर | २० जुलै

वाचतो आहे. एक प्राथमिक शंका. वरच्या श्रेणीत १२ संघ आणि खाली प्रत्येकी दहा, हा आकडा कशासाठी? वर १६ संघ केले तर वर्षातून चार-चार वेळा तेच तोंड पाहायची वेळ येणार नाही आणि दुसऱ्या श्रेणीतल्या संघांनाही दार थोडे मोकळे होईल. अर्थात आम्ही गोव्यातल्या फुटबॉलवाल्यांनी हे विचारणे म्हणजे धाडसच आहे. आमच्या इंडियन सुपर लीगमधून इतक्या वर्षांत गुणतालिकेमुळे कोणी खाली उतरलेले नाही, आणि यंदाच्या आय-लीगचा विजेता मैदानाऐवजी लवादाने ठरवला.

फाइफकर | २० जुलै

म्हापसेकर, उत्तर थोडक्यात देतो, कारण तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. रचना बदलायची तर वरच्या श्रेणीतल्या संघांची जवळजवळ एकमुखी संमती लागते, आणि १२ संघांच्या श्रेणीत प्रत्येकाला सेल्टिक आणि रेंजर्स हे घरच्या मैदानावर हमखास मिळतात. त्या दिवसांची तिकिटविक्री सोडायला कोणी तयार नसते. २०२०मध्ये वर १४ संघ करण्याचा प्रस्ताव आला होता, तोही बारगळला.

वैदेहीताई, तुमच्या यादीने मला खरोखर विचारात पाडले. मात्र एक जोड द्यावीशी वाटते. परतलेल्यांपैकी हार्ट्स, डंडी आणि डंडी युनायटेड हे मोठ्या शहरांचे संघ आहेत. रॉस काउंटीचे तसे नाही. डिंगवॉलची लोकसंख्या साडेपाच हजारांच्या आसपास आणि मैदानाची क्षमता त्याहून अधिक. सगळे गाव मुलाबाळांसह आत बसवले तरी खुर्च्या उरतील. १९९४मध्ये राष्ट्रीय लीगमध्ये आलेला हा संघ रॉय मॅकग्रेगर यांच्या पाठबळावर इथवर आला. २०१८ला उतरून लगेच परतला, हेही खरे. पण गेली तीन वर्षे सलग त्यांनी अंतिम प्ले-ऑफ खेळला आहे आणि तिसऱ्या वेळी लिव्हिंगस्टनने तिथे १-१ नंतर डिंगवॉलमध्येच ४-२ असे हरवून त्यांना बाहेर काढले. तीन वर्षे काठावर उभ्या असलेल्या संघाला खालच्या श्रेणीत येऊन लगेच जिंकण्याची सवय लागते का, हा प्रश्न मी माझ्या अंदाजात विचारला नव्हता.

मधुरा_ग्लासगो | २१ जुलै

पार्टिक थिसलचे नाव या धाग्यात अंदाजाची ओळ सोडली तर चार वेळा आले आणि चारही वेळा हरलेला संघ म्हणून आले, तेव्हा आता बोलणे भाग आहे.

२०२३च्या प्ले-ऑफबद्दल. चौथ्या क्रमांकावरून सुरुवात करून आम्ही क्वीन्स पार्कला एकूण ८-३ आणि दुसऱ्या आलेल्या एअरला ८-० असे हरवले. अंतिम फेरीचा पहिला सामना आमच्या फरहिल मैदानावर २-० जिंकला. डिंगवॉलला दुसऱ्या सामन्यात पेनल्टीवर आणखी एक गोल झाला, म्हणजे एकूण ३-०, आणि वीस मिनिटांहून कमी वेळ उरला होता. मी ग्लासगोत एका मैत्रिणीच्या घरी टीव्हीसमोर बसले होते. पहिला गोल झाला तेव्हा आम्ही हसलो. दुसरा झाला तेव्हा मैत्रिणीच्या वडिलांनी उठून खिडकी उघडली. तिसरा झाला तेव्हा ते खोलीतच नव्हते. मग पेनल्टी शूटआऊट, आणि तिथे ५-४ने हार. तो आमचा सहावा जादा सामना होता, काउंटीचा दुसरा. आकडेमोड म्हणतात त्याप्रमाणे दमणूक वेगळी काढून दाखवता येत नसेल, पण शेवटच्या वीस मिनिटांत आमच्या बचावफळीतला प्रत्येक जण एक पाऊल उशिरा पोचत होता, हे मी पाहिले आहे.

आणि अपुऱ्या सामन्यांचा हिशेब उलट्या बाजूनेही आमच्याच वाट्याला आला होता. २०२०च्या एप्रिलमध्ये हंगाम थांबवून सरासरी गुणांवर तक्ता ठरवला गेला, तेव्हा आम्ही तळाला होतो; वरच्या क्वीन ऑफ द साउथपेक्षा दोन गुणांनी मागे आणि एक सामना हाताशी. तो सामना खेळायलाच मिळाला नाही. हार्ट्सबरोबर आम्हीही दाद मागितली, लवादात ती फेटाळली गेली. पुढच्या वर्षी लीग वन जिंकून आम्ही परतलो. हे सांगण्याचे कारण रडणे नव्हे, तर या श्रेणीत दहाव्या आणि चौथ्या संघांतले अंतर किती थोडे असते हे दाखवणे.

यंदा मार्क विल्सन यांच्याकडे सूत्रे आहेत. मला तिसरा क्रमांक दिसतो. आणि फाइफकर यांचा सिद्धान्त खरा असेल तर त्या तिसऱ्याचे आम्ही काय करायचे तेही त्यांनीच सांगावे.

जुनाजाणता | २१ जुलै

आरब्रोथला डोळे झाकून दहावा क्रमांक देणाऱ्यांनी एकदा त्यांच्या गेफील्ड मैदानावर जाऊन यावे. मी डंडीत नोकरीला असताना तीन हिवाळे तिथे सामने पाहिले. मैदान आणि उत्तर समुद्र यांच्यामध्ये एक भिंत आणि एक अरुंद वाट, एवढेच अंतर. भरतीच्या दिवशी वाऱ्याने उडालेले पाणी भिंतीवरून आत येते आणि हातातल्या पाईच्या (भाजलेल्या खाऱ्या पेस्ट्रीच्या) कागदी बशीत पडते. एकदा गोलरक्षकाने वाऱ्याच्या तोंडावर मारलेली गोल किक मध्यरेषेपर्यंतही न जाता उंच चढली, थबकली आणि मागे वळून त्याच्याच पेनल्टी क्षेत्राजवळ उतरली. पाहुण्या संघाचा बचावपटू तिच्याकडे असा पाहत राहिला जसा आपण चुकीच्या फलाटावर आलेल्या गाडीकडे पाहतो. वर्षातले अठरा सामने अशा ठिकाणी घरचे म्हणून मिळणे ही छोटी गोष्ट नाही.

आरब्रोथचे खेळाडू अर्धवेळ आहेत. दिवसा नोकरी, संध्याकाळी सराव. तरीही २०२१-२२मध्ये डिक कॅम्पबेल यांच्या हाताखाली त्यांनी जे केले ते मी या श्रेणीतले सर्वांत मोठे काम मानतो. एप्रिलच्या शेवटी ते किलमारनॉकला रग्बी पार्कवर खेळायला गेले तेव्हा विजेतेपद अजून त्यांच्या आवाक्यात होते. आघाडीही त्यांनीच घेतली होती. ८९व्या मिनिटाला ब्लेअर ऑल्स्टनने गोल केला, २-१ झाले आणि किलमारनॉक वर गेले. अखेर किलमारनॉकचे ६७ आणि आरब्रोथचे ६५ गुण. मग इन्व्हरनेसविरुद्ध दोन गोलशून्य बरोबऱ्या आणि पेनल्टींवर पराभव. पुढे दोन वर्षांत संघ तळाला गेला हे खरे, पण लगेच लीग वन जिंकून तो परतलाही आहे, तोही कॉलिन हॅमिल्टन आणि डेव्हिड गोल्ड या खेळाडूंनीच प्रशिक्षकपद वाटून घेऊन.

अर्धवेळ संघाचे दुसरे टोकही मला ठाऊक आहे. २०१७-१८चा ब्रीखिन सिटी: ३६ सामने, एकही विजय नाही, चार बरोबऱ्या, एकूण चार गुण. त्यामुळे मी आरब्रोथ नक्की वाचेल असे म्हणत नाही. दोन-तीन महत्त्वाचे खेळाडू जखमी झाले तर त्यांच्या जागी उभे करायला माणसे नाहीत. पण ‘अर्धवेळ म्हणून दहावा’ हा आळशी अंदाज आहे.

बाकी डनफर्मलिनकडे लक्ष ठेवा, एवढेच म्हणतो. नवे मालक, प्रशिक्षकाच्या बाकावर नील लेनन, आणि त्यांच्या ईस्ट एंड पार्क मैदानावर माणसे येतात.

आकडेमोड | २२ जुलै

जुनाजाणता यांच्या प्रतिसादाला जोडून. दहावा क्रमांक कोणाला मिळतो हे गेल्या हंगामात मैदानाइतकेच कार्यालयात ठरले आहे. या वर्षी हॅमिल्टनचे १५ गुण कापले गेले आणि ते दहावे गेले. एअरड्रीला त्यामुळे नववा क्रमांक मिळाला, प्ले-ऑफ मिळाला आणि कोव्ह रेंजर्सला हरवून ते टिकले. हंगामाच्या मध्यावर एअरड्रीला वाचवायला कोणी धजले नसते. इन्व्हरनेसने २०२३मध्ये स्कॉटिश कपची अंतिम फेरी खेळली, २०२४मध्ये प्ले-ऑफ हरून लीग वनमध्ये गेले आणि त्याच ऑक्टोबरमध्ये दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली जाऊन १५ गुण गमावून बसले. तेव्हा अंदाज बांधताना ताळेबंदही पाहायला हवा, आणि आपल्याला तो बाहेरून नीट दिसत नाही.

वरच्या टोकालाही मैदानाबाहेरचा एक प्रश्न आहे. प्रीमियरशिपच्या संघांनी २०२४मध्ये मतदान करून २०२६-२७पासून कृत्रिम मैदानांना मनाई केली आहे. म्हणजे येत्या मे महिन्यात जो वर जाईल त्याला हिरवळ लागेल. फाइफकर, तुमच्या स्टार्क्स पार्कवर कृत्रिम पृष्ठभाग आहे ना? वर जाण्याचा आनंद आणि मैदान उखडण्याचे बिल एकाच आठवड्यात यायचे. या श्रेणीतल्या छोट्या क्लबांना त्याच मैदानावर आठवडाभर मुलांचे संघ खेळवून चार पैसे मिळतात, ते उत्पन्नही जाणार. २००३मध्ये फॉल्कर्क ही श्रेणी जिंकूनही मैदान नियमांत बसत नाही म्हणून वर जाऊ शकले नव्हते, त्याची आठवण झाली.

म्हापसेकर | २२ जुलै

क्वीन्स पार्कबद्दल कोणीच लिहिले नाही. फेब्रुवारीत त्यांनी इब्रॉक्सवर रेंजर्सला स्कॉटिश कपमधून बाहेर काढले ते मी जागून पाहिले होते. असा संघ मध्यावर का?

मधुरा_ग्लासगो | २२ जुलै

कारण एक सामना जिंकणे वेगळे आणि ३६ खेळणे वेगळे. त्या १-० विजयात गोलरक्षकाने शेवटच्या क्षणी पेनल्टी अडवली होती, ते कोणीच विसरणार नाही. पण लीगमध्ये ते खालच्या अर्ध्यातच राहिले. १८६७चा हा क्लब २०१९पर्यंत हौशी होता, खेळाडूंना पगारच नव्हता. हॅम्पडेनवर त्यांचा लीगचा सामना पाहिला की मन थोडे चमत्कारिक होते. पन्नास हजारांच्या स्टेडियममध्ये दीड-दोन हजार माणसे, आणि प्रशिक्षकाने ‘डावीकडे’ म्हटलेले समोरच्या स्टँडमध्ये ऐकू येते.

फाइफकर यांच्या सिद्धान्ताला सर्वांत उत्तम उदाहरण खरे तर क्वीन्स पार्कचेच आहे. ५ मे २०२३, शेवटचा दिवस, ऑकिलव्ह्यूच्या चिमुकल्या मैदानावर समोर डंडी. क्वीन्स पार्क जिंकले असते तर विजेते ठरले असते. ५-३ने हरले आणि विजेतेपदाबरोबर दुसरा क्रमांकही हातचा गेला. एअर पुढे सरकले, हे तिसरे. एका रात्रीत शून्य जादा सामन्यांवरून सहा जादा सामन्यांवर आले, आणि चार दिवसांनी आमच्यासमोर उभे राहिले ते अजून त्याच रात्रीत होते. तो हंगाम डंडीने ६३ गुणांवर जिंकला. २०१५मध्ये हार्ट्सला ९१ होते.

वैदेही_पर्थ | २३ जुलै

६३ आणि ९१ हा फरकच यंदाचा खरा प्रश्न आहे. हार्ट्ससारखा एखादा संघ सुटला तर बाकीचे दुसऱ्यासाठी खेळतात. तसे झाले नाही तर मार्चपर्यंत सहा संघ पहिल्या जागेच्या आशेवर असतात आणि एप्रिलमध्ये त्यांतलेच दोघे वर्षभरासाठी निराश होतात. गेल्या हंगामात फॉल्कर्क ७३ गुणांवर आणि लिव्हिंगस्टन ७० वर थांबले. शेवटच्या दिवशी फॉल्कर्कने हॅमिल्टनला ३-१ हरवले तेव्हाच फैसला झाला. दोन्ही संघ अखेर वर गेले, पण एकाला चार सामने कमी खेळावे लागले. आणि फॉल्कर्क तर त्याआधीच्या वर्षी लीग वनमध्ये अपराजित राहून आले होते, तेव्हा खालून आलेल्यांनाही कमी लेखू नये.

फाइफकर | २३ जुलै

धागा माझ्या अपेक्षेपेक्षा चांगला चालला, सर्वांचे आभार. आकडेमोड, होय, स्टार्क्स पार्कवर कृत्रिम पृष्ठभागच आहे, आणि ते बिल यायचे तर येऊ दे, असे म्हणणारे माझ्या स्टँडमध्ये भरपूर आहेत. १९९७नंतर रेथ वरच्या श्रेणीत गेलेले नाही. एअरला तर १९७८नंतर नाही, मॉर्टनला १९८८नंतर. बिलाची भीती त्यांना कोण घालणार?

आता सुधारित अंदाज. सेंट जॉनस्टन पहिलेच ठेवतो. रॉस काउंटीला दुसऱ्यावरून काढून तिसऱ्या ते पाचव्याच्या टप्प्यात टाकतो. वैदेहीताईंच्या तीन जोड्यांचा आणि सलग तीन प्ले-ऑफच्या थकव्याचा मिळून हा परिणाम. दुसऱ्या क्रमांकासाठी पार्टिक. मधुराताई, तिसऱ्याचे काय करायचे ते मला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला एक जागा वर सरकवले आहे. तिथे गेलात तर मे महिन्यात दोन सामने वाचतील. एअरला चौथे ठेवतो. त्यांना २०२३मध्ये आणि या मे महिन्यात, दोन्ही वेळा प्ले-ऑफमधून पार्टिकनेच बाहेर काढले आहे. वाटेत पुन्हा फरहिल आले तर काय होईल, ते एअरवाल्यांना विचारू नये. रेथला पाचवे लिहिताना हात जड होतो आहे, पण डनफर्मलिनच्या खाली मात्र लिहिणार नाही.

तळाला एअरड्री आणि आरब्रोथ यांची अदलाबदल करतो: आरब्रोथ नववे, एअरड्री दहावे. जुनाजाणता यांच्या वाऱ्याने परतलेल्या चेंडूचा यात निम्मा वाटा आहे. नवव्याला चार सामने खेळावे लागतील आणि त्यांपैकी दोन गेफील्डवर होतील. मे महिन्यात तिथे वारा किती असतो, एवढे मात्र त्यांनी कळवावे.

जुनाजाणता | २३ जुलै

जानेवारीपेक्षा कमी. पण कोट घेऊन जा.